समासात उत्तरं लिहिणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात, इंग्रजीत पत्र लिहावं लागतं; त्या पत्राची धास्ती तुम्ही घालवलीत. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत.

औपचारिक पत्राचा साचा पाठ करता येतो आणि मैत्रिणीला लिहायला शिकवावं लागत नाही. पेन अडतं ते मधल्या पत्राशी. घरमालक, शेजारी, मुलांच्या शिक्षिका, म्हणजे ओळख आहे पण सलगी नाही अशी माणसं. तुम्ही साचा दिलाच नाहीत. 'ही व्यक्ती दारात उभी असती तर तिच्याशी कशी बोलली असतीस?' एवढंच विचारलंत. त्यावरून मायना ठरायचा: 'डिअर'पुढे 'मिस्टर' किंवा 'मिझ' आणि आडनाव. रोजच्या सहकाऱ्याला पहिलं नाव चालतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही विनंतीच्या वाक्याला दिलात, आणि ते फार योग्य केलंत. 'यू मस्ट रिपेअर द टॅप' खोडून तुम्ही 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड हॅव द टॅप रिपेअर्ड' लिहिलंत आणि लगेच पुढे 'बिफोर द वीकएंड' जोडायला लावलंत. नम्रपणाच्या नादात मुदत गाळली तर पत्राचा उपयोग काय, हा तुमचा प्रश्न मला आजही पटतो. 'आय अ‍ॅम'चं 'आयम' अधूनमधून चालेल, 'गॉना' नको. शेवटी 'काइंड रिगार्ड्स' किंवा 'युअर्स सिन्सिअरली'. 'युअर्स फेथफुली' मात्र 'डिअर सर ऑर मॅडम'साठी राखून ठेवायचं.

परीक्षेत किमान 150 शब्द लागतात, साधारण 20 मिनिटं मिळतात आणि दिलेले तिन्ही मुद्दे यावे लागतात. हे कुठल्याही क्लासमध्ये कळलं असतं. पण माझं प्रत्येक पत्र तुम्ही घरमालक होऊन वाचायचात आणि समासात उत्तर लिहायचात: 'कोणता नळ? माणूस कधी पाठवू? त्या वेळी घरी कोण असेल?' त्या प्रश्नांची उत्तरं पत्रात घालता घालता मुद्दे आपोआप भरत गेले आणि शब्दही.

माझी धाकटी बहीण आता त्याच परीक्षेची तयारी करते आहे. ते सगळे कागद मी तिला दिलेत, आणि समास आधी वाच असं सांगितलंय.

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी