दोन हजार परत का पाठवलेस?

॥ श्री ॥

आंजर्ले
5 सप्टेंबर 2025

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुझी पुण्याची गाडी सुटून तास झाला नसेल, आईच्या पडवीतल्या दुकानाचा, स्कॅनचे पैसे आले की बोलणारा तो डबा म्हणाला, "दोन हजार रुपये प्राप्त झाले." गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आई निर्माल्य आवरत होती, ती आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तुझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मी पाचशेच्या चार नोटा घडी करून ठेवल्या होत्या. तुला त्या एवढ्या लवकर सापडतील असं वाटलं नव्हतं. वर तुझा मेसेज, "बाबा, रोख घेऊन मी काय करू? पुण्यात भाजीवालीसुद्धा स्कॅन करते."

राग आला नाही. पण परक्याचे पैसे फेडावेत तसे ते परत आले, ते लागलं. फोनवर बोलणार होतो. आई शेजारी बसून खुणा करते, "तिला काही बोलू नका हो", म्हणून लिहितोय. आरतीचे फोटो काढताना तुझ्या फोनवर जो मेसेज माझ्या डोळ्यांसमोर आला, त्याबद्दल मी लिहिणार नाही. फक्त नोटांबद्दल लिहितो.

रोख कशाला, हे तू तरी विचारू नयेस. 3 जून 2020 ला तू घरातच होतीस. दुपारपर्यंत निसर्ग वादळाने मागची पोफळी झोपवली, माड न्हाणीघरावर आडवा झाला, कौलं अंगणात. दुसऱ्या दिवशी तू फोन डोक्यावर धरून खळ्यात फिरत होतीस, रेंज कुठे मिळते बघत. टॉवर पडलेले, वीज नाही, दापोलीपर्यंत जाऊन एटीएम गाठलं तर तेही बंद. मेणबत्त्या, ताडपत्री, माड कापायला आलेल्या दोघांची मजुरी, सगळं आईच्या तांदळाच्या डब्यातून निघालं. तीन हजार दोनशे होते. शेजारच्या वाडीतल्या माणसाच्या खात्यात लाखभर असतील, पण त्याने माझ्याकडून मेणबत्तीला पन्नास रुपये उसने नेले. तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "बाबा, आईचा डबा म्हणजे खरी बँक." आठवतं का?

नोटांचंही मी सगळं गोड सांगणार नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आई त्याच डब्याशी बसून रडली होती. माझ्यापासून लपवून तिने तुझ्या कानातल्यांसाठी साडेसतरा हजार जमवले होते, सगळ्या पाचशे-हजाराच्या नोटा. आणि 22 जुलै 2021 ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा मामाने गल्ल्यातल्या नोटा दोरीवर चिमटे लावून वाळवल्या. त्याच पुरात तिथले एसटीचे आगार व्यवस्थापक नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन गाडीच्या टपावर तासन् तास बसून राहिले. त्यांची आठवण झाली की मी आजही मनातून हात जोडतो. दुसऱ्याचे पैसे खांद्यावर घेऊन फिरणं काय असतं, ते पोस्टातल्या नोकरीत 38 वर्षं मी जाणलंय. म्हणून सगळं रोखीने कर असं मी म्हणणार नाही. तू शिकवल्यापासून आईचं दुकान किती सुधारलं ते मी बघतोच. सुट्ट्यांची कटकट गेली, फणसपोळी किती विकली गेली ते रात्री कळतं, आणि त्या स्कॅनला तिला एक पैसा कापून द्यावा लागत नाही. स्कॅनमधून जातात ते निदान आपल्या खात्यात असलेले पैसे.

कार्डाचं तसं नाही. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी.

1982 सालच्या 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी सतरा वर्षांचा होतो. आजोबा दर महिन्याला लालबागेहून मनीऑर्डर करायचे, दहा तारखेच्या आसपास पोस्टमन यायचा. खाडीवर पूल नव्हता तेव्हा, टपाल तरीतून यायचं. आजी सकाळपासून उंबऱ्यात. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर आजोबांनी दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, त्या मी वाचून दाखवायचो. संपानंतर पोस्टमन आमच्या अंगणाच्या बेड्यापाशी आला की मान खाली घालून पुढे जायचा. मग घर दुकानाच्या वहीवर चाललं. पण त्या उधारीला तोंड होतं, सायली. सातव्या महिन्यात दुकानदार स्वतः चालत आला, ओटीवर पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, आता पुढचं मला जमायचं नाही, आधी मागचं थोडं तरी करा." आजीने दुसऱ्या दिवशी पाटल्या मोडल्या. त्या माणसाचा तेव्हा मला भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्याने थांबवलं म्हणून आम्ही वाचलो. जमीन तरी राहिली.

तुझ्या कार्डवाल्यांपैकी कुणी चालत यायचं नाही. ते "किमान देय रक्कम" लिहून पाठवतात. एवढं भरा, बाकीचं राहू द्या. वाचायला किती सोपं वाटतं!

बघ, त्याच मेसेजवर आलो. आलोच आहे तर लिहितो. एकूण 58,412, किमान 2,921. मी डोळे फिरवले होते गं, पण आयुष्यभर आकडे वाचले, ते डोळ्यांत राहतात. रात्री कागदावर मांडलं. महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज 2,044, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे आणखी 368. 2,412 रुपये नुसते त्यातच गेले. तू 2,921 भरलेस तर मुद्दल सुटणार पाचशे नऊ रुपये. वर्षाला बेचाळीस टक्के होतात हे, आणि पोस्टाच्या बचत खात्यावर मी लोकांना वर्षाला चार टक्के देत होतो. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला ते बिनव्याजी पंचेचाळीस-पन्नास दिवसही मिळत नाहीत. आज त्या कार्डावर चहा प्यायलीस तरी त्या चहावर आजपासून व्याज. हे तुला माहीत आहे का? कॉमर्स शिकलेली मुलगी तू. माहीत असून किती महिने असं

हे वाक्य अर्धं सोडून उठलो होतो. खाडीवर फेरी मारून आलो. रागावल्यासारखं झालं, माफ कर.

कारण ते पैसे कसले आहेत, हे मला माहीत आहे. आईच्या फाइलीत फेब्रुवारीतली दवाखान्याची पावती आहे, पन्नास हजार अनामत, खाली कार्डाचे शेवटचे चार आकडे. तुझ्या मेसेजमध्ये तेच चार आकडे. तू मला म्हणाली होतीस, "ऑफिसच्या विम्यातून झालं, बाबा." मी विश्वास ठेवला. कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

त्या रात्री माझ्या कमरेला अकरा हजार होते. दापोलीच्या बँकेतले पैसे रात्री दोन वाजता पुण्यातल्या खिडकीवर काय कामाचे? मी नोटा मोजत होतो, आणि आई त्या ढकलखुर्चीत हात छातीवर धरून. तू मागून आलीस, कार्ड पुढे केलंस, आकडे दाबलेस, आणि दार उघडलं. तेवीस वर्षांची पोर. मी तुला शाळेत सोडताना वहाळात पाणी असलं की खांद्यावर घ्यायचो, ते आठवलं. त्या दाराशी उभं राहून मला तुझा एवढा अभिमान वाटला की बोलता आलं नाही. त्यानंतरही कधी बोललो नाही. आज लिहितोय.

तर कार्ड फेकून दे म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? ठेव. अशा रात्रीसाठीच ठेव. रोजच्या खर्चात मात्र आणू नकोस. आठवड्याचे दीड हजार दर रविवारी काढ, पाकिटात घाल. भाजी, रिक्षा, चहा, मेसवाल्या काकूंचे वरचे, सगळं त्यातून. शुक्रवारी पाकीट हाताला पातळ लागतं, मग माणूस आपोआप चालत जातो. नोट मोडायला जीव होत नाही, फोन मात्र शंभर वेळा दाखवला जातो. आपल्या हर्णैच्या लिलावात बघ, संध्याकाळी मासळीवर बोली लागते तेव्हा बाई पदराची गाठ सोडण्याआधी एकदा दाबून बघते. खोलीचं भाडं, विजेचं बिल खुशाल खात्यातून दे, त्याची नोंद राहते. आणि दोन हजार रुपये, सगळे शंभराच्या नोटांत, घरात वेगळे ठेव, मोडायचे नाहीत. मी बॅगेत ठेवले होते ते यासाठीच.

ते कार्ड नुसतं टेकवलं तरी पाच हजारांपर्यंत आकडे न दाबता जातात म्हणे. ती सोय अ‍ॅपमधून बंद करता येते, करून टाक. हरवलं तर आधी बँकेला कळव, मग मला. लगेच कळवायला हवं. कुणी फसवलं तर 1930 ला फोन कर. लिहून ठेव कुठेतरी. लाजेने गप्प बसू नकोस, तू गप्प बसतेस म्हणून सांगतो.

पुन्हा उपदेश झाला. आई म्हणते तुम्ही पत्र लिहिताय की परिपत्रक.

आता मुख्य. माझी आरडी याच महिन्यात पुरी होतेय, निवृत्तीचेही आलेत. माडाच्या बाजूची कौलं बदलायची होती, ती दिवाळीनंतरही बदलता येतील. सोमवारी दापोलीला जाऊन अठ्ठावन्न हजार चारशे बारा तुझ्या खात्यात भरतो. त्यातून कार्डाची सगळी बाकी एकदम फेड, किमान नको. हे पैसे मी तुला देत नाहीये. आईच्या औषधपाण्याचे आहेत, ते माझेच देणं होतं, सात महिने तू एकटीने वाहिलंस. रात्री झोप लागत होती ना तुला? गणपतीत आरशासमोर बारीक दिसलीस तेव्हा मी आईला म्हटलं, ऑफिसचं काम असेल.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला विमाच माहीत आहे, तसंच राहू दे. परवा तिने चढण न थांबता चढून कड्यावरच्या गणपतीला नारळ ठेवला. गोळी सकाळ-रात्र घेते, मी समोर उभा राहतो.

सोमवारी पैसे आले की त्या पडवीतल्या डब्यावर पुन्हा काही वाजू देऊ नकोस. आईला काय सांगू मग?

तुझे,
बाबा

ता. क. कोकमं आणि कुळथाचं पीठ शनिवारच्या गाडीने पाठवतोय. पिठाच्या पिशवीत शंभराच्या वीस नोटा आहेत, नीट बघून काढ.