शिक्का संपला होता, मुदत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरपासून सोसायटीच्या जिन्यात, भाजीच्या गाडीवर मला एकच प्रश्न ऐकावा लागतो, "मुलाचा व्हिसा संपला होता म्हणे. मग इतके दिवस अमेरिकेत राहिला कसा?" विचारण्यात काळजी कमी, चौकशीच जास्त. बातम्यांतही 'व्हिसा संपलेले' असं सरसकट छापून येतं, म्हणून हे पत्र.

मुलाच्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा, म्हणजे तिथल्या नोकरीसाठीच्या व्हिसाचा, शिक्का २०२२ सालचा, तो गेल्या उन्हाळ्यात संपला. पण हा शिक्का अमेरिकेच्या दारातून आत शिरण्यापुरता असतो. तिथे राहायची नि नोकरी करायची मुदत निराळ्या कागदावर असते आणि ती त्याच्या कंपनीने २०२८ पर्यंत वाढवून घेतली आहे. तो तिथेच राहिला असता तर काहीच अडलं नसतं. इकडे आला, आता परत जाताना नवा शिक्का हवा. २००४ पर्यंत तो अमेरिकेत बसूनच मिळायचा. २०२४ च्या सुरुवातीला वीस हजार जणांपुरता तसा प्रयोग पुन्हा झाला, पण भारतातून शिक्का घेतलेल्यांपैकी २०२१ वाल्यांनाच त्यात जागा होती. आमचं एका वर्षाने हुकलं.

आणि त्याला बोलावलं मीच. धाकटीचं लग्न, कर्वेनगरचं कार्यालय वर्षभर आधी धरलेलं. "सख्खा भाऊ असताना कानपिळीला चुलतभाऊ उभा करू का?" असं मी फोनवर सुनावलं होतं. त्याने नव्या शिक्क्याच्या मुलाखतीसाठी मुंबईची १८ डिसेंबरची अपॉइंटमेंट हातात आल्यावरच तिकिटं काढली. (पुण्यात अमेरिकेची वकिलात नाही, हे इथल्यांना मान्य करायला जड जातं.) फोटोवाल्याने सवयीने आपल्या पासपोर्टच्या मापाचे फोटो काढून दिले. यांना लागतो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. पुन्हा गेलो. चष्मा काढल्यावर मुलगा थेट त्याच्या वडिलांसारखा दिसतो, हे मला तिथे कळलं.

मुलाखतीशिवाय शिक्का मिळायची सूट सप्टेंबर २०२५ मध्येच बंद झाली होती. १५ डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोर (त्यांच्या जोडीदाराचा नि मुलांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायचा नियम लागू झाला आणि ईमेल आला, तारीख आता मार्चअखेर. सुनेचीही तीच. नात चार वर्षांची, जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकेचा. घरात आज विमानात बसून अमेरिकेला जायची मुभा असलेली तेवढी एकच व्यक्ती आहे आणि तिला बुटाची नाडी बांधता येत नाही.

मुलगा संध्याकाळी साडेसातला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो, पहाटे तीनला मिटतो. कंपनीने इथून काम करायची परवानगी जानेवारीपर्यंतच दिली आहे. पुढे बिनपगारी रजा. तिकडच्या घराचं भाडं मात्र दर महिन्याला जातंच.

तेव्हा एवढीच विनंती, की अशा लोकांबद्दल छापताना 'शिक्क्यासाठी थांबलेले' असं छापावं. जिन्यातल्या निम्म्या चौकशा तरी थांबतील. उरलेल्यांसाठी या पत्राचं कात्रण लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावीन.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे