चिठ्ठी काढणारा मुलगा

बडोदे,
१२ जुलै २०२५

प्रिय सुध्या,

पाकीट मिळालं. माझ्या कादंबरीच्या हस्तलिखितावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस, ते तुझ्या आळसाला शोभलंच. पण तुझ्या लेकीने पान ४१ च्या समासात शिसपेन्सिलीने जे लिहिलंय, ते वाचून मी दोन दिवस जेवताना गप्प होतो. ‘काका, हे दोघं इतक्या लवकर मित्र कसे झाले?’ आणि खाली एक वैतागलेला चेहरा. पंधरा वर्षांची पोर, पण दुखरी नस बरोबर पकडली तिने.

तू वाचलंच नसशील, म्हणून थोडक्यात सांगतो. अजून साठेक वर्षांनंतरचं बडोदं. पावसाळ्यात सगळं शहर वाचवणं परवडत नाही, म्हणून दर वर्षी एक वस्ती बुडू द्यायची आणि बाकीच्यांनी कोरडं राहायचं, असा कायदा. कोणती वस्ती, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. डोळे बांधलेला एक मुलगा घागरीतून चिठ्ठी काढतो. त्या वर्षी वाडी नावाच्या वस्तीची चिठ्ठी निघते. रेवा वाडीतली, सोळा वर्षांची. पुराच्या रात्री ती एका तराफ्यावरून मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत शिरते, तर तिथे आधीच कोणीतरी लपलेलं असतं. तोच, चिठ्ठी काढणारा.

लायब्ररी मी मुद्दाम घेतली. आठवतं ना, आपण शाळेतून गेलो होतो? सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डनसाहेबाला बोलावून ही सगळी ग्रंथालयं उभी करायला घेतली, हे सर सांगत होते आणि तू मान वर करून छताकडे बघत बसला होतास. त्या पुस्तकांच्या लोखंडी मजल्यांना फरशी काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. वर कुणी चाललं की खालच्याला पावलांच्या सावल्या दिसतात. लपलेल्या माणसाला यापेक्षा भीतीची जागा कुठली? रेवा त्याला पहिल्यांदा बघते ती अशीच, डोक्यावर दोन अनवाणी तळवे.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी माती खाल्ली. चार पानांत तो रडतो, ती त्याला माफ करते, दोघं भाकरी वाटून खातात.

आणि हे मी लिहिलं कधी? गेल्या वर्षीच्या पुरानंतर! म्हणजे नदी स्वतः घरात येऊन शिकवून गेली, तरी मी ढ तो ढच.

फोनवर तुला सगळं सांगितलं नव्हतं. गोकुळाष्टमीला पाऊस सुरू झाला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ च्याही वर गेली. आमच्या समा भागात दुसऱ्या दिवशी पाणी तळमजल्यात, म्हणजे आमच्याच घरात. वरचे काका तुला माहीत आहेत, ज्यांनी गच्चीला कुलूप घातलं आणि दोन वर्षं आमच्याशी बोलणं टाकलं, ते. आईला धरून, सिलिंडर खांद्यावर घेऊन मी जिना चढलो आणि त्यांचं दार वाजवलं. त्यांनी माझ्याकडे नाही, आधी सिलिंडरकडे बघितलं. त्यांचा पाइपचा गॅस बंद पडला होता.

‘भरेलो छे?’ एवढंच विचारलं.

‘अर्धा,’ मी म्हटलं.

दार उघडलं. त्यांच्याकडे शीतळा सातमचे थेपले उरले होते, गच्चीची किल्ली होती आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी होतं. माझ्याकडे गॅस. तीन दिवस आम्ही एकमेकांचे हिशेब ठेवले, अगदी खरोखरचे हिशेब. चहा दिवसातून दोनदाच, कारण गॅस माझा. थेपले माणशी दोन, कारण ते त्यांचे. दुसऱ्या रात्री टॉर्चच्या उजेडात पत्ते खेळलो, तेव्हाही त्यांनी मला लबाडी करताना पकडलं आणि डाव उधळला. खाली पाण्यात काहीतरी सरपटल्यासारखं झालं की मात्र दोघंही एकाच वेळी कठड्याशी. त्या तीन दिवसांत लोकांच्या वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या, हे नंतर पेपरात आलं. दोन पोरं तर मगरीला चक्क स्कूटरवर घालून वनखात्याकडे घेऊन गेली. असलं कादंबरीत घातलं असतं तर तूच म्हणाला असतास, काहीही फेकतो.

सांगायचं हे, की त्या तीन दिवसांत काकांनी मला माफ केलं नाही आणि मीही त्यांना नाही. त्याची गरजच पडली नाही.

म्हणून ती चार पानं फाडली. आता त्या मुलाला पोहता येत नाही, आणि रेवाला पाणी सोडायच्या दरवाजांच्या नोंदवहीची लिपी वाचता येत नाही. त्या वहीतून कळणार आहे की घागरीत सगळ्या चिठ्ठ्यांवर वाडीच लिहिलेलं होतं. पण तो एका वेळी एकच पान वाचून दाखवतो, कारण सगळं वाचून झालं की ती आपल्याला सोडून जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि वल्हं एकच. रेवा झोपताना ते कुशीखाली घेऊन झोपते. नऊ प्रकरणं झाली तरी तिने त्याला नाव विचारलेलं नाही. हे लिहिताना पहिल्यांदाच मला या पोरांची काळजी वाटायला लागली.

शेवट अडलाय. पाणी ओसरल्यावर दोघं लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभी आहेत, चिखल घोट्यापर्यंत. पुढे काय बोलतील, सुचत नाही. लेकीला विचार, तुला विचारून उपयोग नाही. नवी प्रकरणं सोबत पाठवतोय, यावेळी तूही वाच, निदान चहाचे डाग तरी पाडून पाठव.

आईचा आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या

ता. क. काकांनी गच्चीला परत कुलूप घातलंय. परवा जिन्यात भेटले तर म्हणाले, ‘आ वखते सिलिंडर आखो भरी राखजो.’ पाऊस लागलाय इकडे. भरून आणला.