‘मूळ – हात लावू नये’

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण त्याआधीची माझी फजिती चारचौघांतच झाली होती.

२४ पानांची कॉमिक, ए-५ आकार, काळी-पांढरी. आठ महिने रोज रात्री बसून काढलेली. कॅनव्हास (फाइलमधलं कोरं पान) घेतला तो बरोब्बर १४८ बाय २१० मिलिमीटर, कारण पुस्तक तेवढंच व्हायचं होतं. यात चुकलं काय, हे मला खरंच कळत नव्हतं. छापखान्यातून फाइल परत आली ती दोन शब्दांच्या निरोपासह: ‘ब्लीड नाही.’ ब्लीड म्हणजे पानाच्या मापाबाहेर चित्राची ठेवायची जास्तीची किनार, छापल्यावर सुरीने कापली जाणारी, हे मला कुठे ठाऊक! फोन केला तर म्हणे, “मॅडम, एवढं माहीत असतं सगळ्यांना.”

मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाले, सगळं पुन्हा काढा. दुसरे एक जाणकार (त्यांच्या बोलण्यावरून तरी जाणकारच) म्हणाले, पानं चार टक्क्यांनी मोठी करा, रुंदी १५४ होते, काम फत्ते. नशीब, एकाच पानावर करून पाहिलं. राखाडी छटांसाठी लावलेल्या टोनची पार वाट लागली. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) नीट बसलेले ते बारीक ठिपके ताणले की त्यांत पट्टे आणि जाळ्या उमटतात, हे असं कळलं. वर कडेला चिकटलेले संवादाचे फुगे आणखी बाहेर सरकले, म्हणजे थेट सुरीखाली. हे परत विचारायला गेले तर उत्तर आलं, “आधी बेसिक शिका.” बेसिकच तर विचारत होते हो!

तुम्हाला फाइल पाठवली तेव्हा मनाची तयारी करूनच बसले होते की आता इथेही शाळा भरणार. तुमची स्क्रीन समोर होती. तुम्ही माझं एकही पान उघडलं नाहीत. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढलीत आणि तिला नाव दिलंत: ‘मुळ – हात लावू नये’. मग थांबलात, मागे गेलात, ‘मुळ’चं ‘मूळ’ केलंत. आणि म्हणालात, “आता यात काही का बिघडेना, तुमचे आठ महिने शेजारी सुखरूप आहेत.”

मी माइक बंद केला तो नेट गेलं म्हणून नव्हे. आता सांगते, रडत होते.

ब्लीड शिकवणारे पुष्कळ भेटतील. पण समोरच्याच्या चुकलेल्या कामालाही आधी जपून ठेवावं आणि त्याच्या नावातला उकारसुद्धा नीट असावा, हे कुठल्या मेन्यूत सापडतं? मला येतं ते दुसऱ्याला येत नाही, एवढ्यावर दिवस काढणारी माणसं मी बरीच पाहिली. तुम्ही निराळ्याच निघालात.

बाकी दुरुस्ती सांगायला अर्धा मिनिट पुरे. चित्र ताणायचं नाही, फक्त कॅनव्हास वाढवायचा, चारी बाजूंना ३ मिलिमीटर. १५४ बाय २१६. गठ्ठा कापताना सुरी जराशी इकडेतिकडे होतेच, म्हणून ती जास्तीची किनार चित्राने भरायची आणि फुगे आत ओढायचे. करायला तीन रात्री लागल्या, तो भाग वेगळा.

शिवाय ‘गटर’. चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीला हा शब्द ऐकून मी हसत सुटले, तुम्हीही. पण दोन ओळींमधलं गटर रुंद आणि शेजारच्या चौकटींमधलं अरुंद ठेवलं की डोळा आधी आडवा जातो, मग खाली उतरतो, हे तुम्ही माझ्याच पानावर दाखवलंत. मी सगळ्या पट्ट्या हाताने आणि सारख्याच मारल्या होत्या. आता क्लिप स्टुडिओ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीचा फोल्डर करून एका रेघेत कापते. चित्र चौकटीबाहेर गेलं तरी नुसतं झाकलं जातं, पुसलं जात नाही. पुढची गोष्ट तशीच चाललीय.

पान ७ आठवतं? कुत्रा चौकट सोडून आत धावतोय आणि शेपटी उजव्या कडेला तुटलेली. दोन फटकाऱ्यांत तुम्ही ती पुरी केली असती. पण पेन खाली ठेवलंत. “ही तुम्हीच काढा. पुढे कशी वळते ते मला कुठे ठाऊक?”

काढली. छापली गेली, आणि वाढवलेली ती ३ मिलिमीटर शेपटी कात्रणांत पडली. पुस्तकात ती कुणाला दिसायची नाही. तुमची प्रत काल पाठवली आहे. तो फोल्डर अजून आहे तिथेच आहे, हात लावलेला नाही.

तुमची,
आठ महिनेवाली