हिवाळी ट्रेकला पोरं पाठवताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की आपल्या जळगाव-धुळ्यात उत्तराखंड-हिमाचलच्या हिवाळी ट्रेकच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. आमच्या गल्लीतली दोन कॉलेजची पोरं यंदा निघाली आहेत. त्यांनी सामानाची यादी मला दाखवली. जॅकेट, थर्मल, गॉगल, सगळं होतं. हिमस्खलनात, म्हणजे उतारावरचा बर्फ कोसळून, त्याखाली कोणी गाडलं गेलं तर त्याला शोधायचं कशानं, याचा मात्र पत्ता नव्हता.

सैन्यात असताना मी काश्मीरच्या बर्फातल्या चौक्यांवर राहिलो आहे. आपल्याकडे तोरणमाळ, डाबला दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो. तिकडे एका रात्रीत कमरेएवढा बर्फ पडतो आणि थरावर थर चढत जातात. कधी तळचा थर दाणेदार, सुटा होतो. उतरत्या पत्र्यावर दादर ज्वारी पसरून वर जड सतरंजी टाकावी, तसा वरचा थर नुसता टेकलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अशा ठिकाणी माणसाचा भार पडला की सगळाच्या सगळा थर सुटतो. ओरडल्यानं बर्फ कोसळतो, एवढंच त्या पोरांना ठाऊक होतं. ते खरं नाही. बळी जाणाऱ्यांच्या अंगावर येणारा बर्फ बहुतेक वेळा त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच पावलांनी सुटलेला असतो.

पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज झाला, बर्फात भेग पळत गेली किंवा शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसली, तर तिथूनच मागं फिरावं. मोठा बर्फ पडून गेल्यावर निदान एक-दोन दिवस तीव्र उतारावर, त्याच्या पायथ्यालाही, जाऊ नये. नाला ओलांडायचा तो ऊन चढायच्या आत, एकेकानं; बाकीच्यांनी त्याच्यावरची नजर काढायची नाही.

गाडलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. तेवढ्यात खालच्या गावातून मदत येत नाही. म्हणून अशा उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेला कुठे आहे ते सिग्नलवरून दाखवणारं यंत्र) आणि पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं हवंच. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली; २७ मृतदेह हाती लागले, दोघे तेव्हा बेपत्ताच राहिले. त्यांच्यासोबत तर प्रशिक्षक होते.

डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे काढते. पैसे भरण्याआधी पालकांनी ट्रेकवाल्याला विचारावं, की ते इशारे रोज कोण वाचतं, आणि इशारा आला तर ट्रेक थांबवून पैसे परत देणार का? परत मिळणार नसतील तर ‘चला, जाऊच’ म्हणून गाईडच्या मागं पोरंच लागतात, आणि तिथंच घात होतो.

आपणही डिसेंबर ते मार्च हे इशारे हवामानाच्या चौकटीत छापावेत, ही कळकळीची विनंती. पोरं तिकडे रेंजबाहेर असतात, पण त्यांचे आईबाप इथं पारोळ्यात, चोपड्यात सकाळी तुमचाच पेपर उघडतात.

— एक माजी सैनिक, पारोळा, जि. जळगाव