बडोद्यात ट्रान्स ऐकायला दोन तास हवे आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. वय ४७. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात पंप, पंखे आणि मोटारींची कंपनं मोजायचं काम करतो. संध्याकाळी घरी आलो की जेवणं होतात, मुलगी अभ्यासाला बसते आणि दहाच्या सुमारास मी कानांवर हेडफोन चढवून लॅपटॉपसमोर बसतो. सायकेडेलिक ट्रान्स नावाचं संगीत आहे, यंत्रांवर आणि संगणकावर बांधलेलं, एकसारख्या वेगवान ठोक्याचं. बोलताना सायट्रान्स म्हणतात. गेली अठरा-एकोणीस वर्षं ते ऐकतोय, नऊ वर्षं स्वतः करतोय.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका सभागृहात अर्ज घेऊन गेलो होतो. रविवारी दुपारी चार ते सहा, चाळीस खुर्च्या, दोन स्पीकर. या संगीतातल्या निवडक रचना ऐकवायच्या आणि त्या कशा बांधलेल्या असतात ते उलगडून सांगायचं, एवढाच बेत होता. भाडं आगाऊ द्यायची तयारी होती. कार्यालयातले गृहस्थ आपुलकीने बोलले, तारीखही वहीत लिहिली. मग त्यांनी अर्ज नीट वाचला, 'ट्रान्स' शब्दापाशी थांबले आणि पेन खाली ठेवलं. "हे ते गोव्याचं ना? नशापाण्याचं? आपल्याकडे नको, साहेब." तारखेवर रेघ मारली. मी समजावायला लागलो, पण मागे लग्नाच्या बुकिंगचे दोघं ताटकळत उभे होते. निघून आलो. ते फार लागलं मनाला, म्हणून हे पत्र लिहितोय.

नशेचं आधी बोलतो, कारण ते टाळून पुढे गेलो तर माझ्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. या संगीताच्या पार्ट्यांमध्ये अमली पदार्थ फिरतात हे खरं आहे. मी स्वतः पाहिलंय. त्यापायी घरं मोडलेली आहेत, आणि त्याला संगीताची ढाल करणाऱ्यांचा मला राग येतो. मी गुजरातेत वाढलो, दारूसुद्धा कधी चाखलेली नाही. या संगीतात मला जे मिळालं ते शुद्धीवर राहून, कान उघडे ठेवून मिळालं. म्हणूनच मला ते इतरांना ऐकवायचंय, आणि दुपारी चार वाजता ऐकवायचंय.

२००६ साली एका यंत्राच्या चाचणीसाठी कंपनीने मला गोव्याला, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाठवलं होतं. रविवारी सुट्टी होती, सहकाऱ्याबरोबर वागातोरला गेलो. किनाऱ्याकडे उतरताना लांबून एक जाड, एकसारखा आवाज यायला लागला. माझ्या कानाची सवय अशी की आधी वाटलं, कुठेतरी मोठा जनरेटर चालू आहे आणि त्याचं कपलिंग बिघडलंय. घड्याळ लावून ठोके मोजले. मिनिटाला १४५. पुन्हा मोजले, तेवढेच. मग आवाजाच्या दिशेने चालत गेलो. ठोका हलत नव्हता, पण त्याच्यावर काहीतरी सारखं बदलत होतं, इतकं हळू की बदललं कधी ते कळूच नये. सूर्य पाण्यात जाईपर्यंत उभा होतो. परतीच्या बसमध्ये डोकं इतकं निवलं होतं, जसं चांगल्या कीर्तनानंतर निवतं.

हे संगीत गोव्यातच घडलं, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून, हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल नावाचा डीजे तिथं रात्र-रात्र वाजवायचा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. तिथल्या उन्हात व्हिनाइलच्या तबकड्या वाकायच्या, म्हणून सगळं कॅसेटवर आणि पुढे डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर, वाजायचं. डॅटचा वेग कमीजास्त करता येत नसे. मग एक रचना दुसरीत बेमालूम मिसळणं अवघड, म्हणून ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत सबंध वाजू द्यायची. आठ-नऊ मिनिटांच्या रचनेला सावकाश उलगडायची सवय लागली त्यात या कॅसेटींचाही हात आहे. लष्करी सेवा संपवून गोव्यात येणाऱ्या इस्राएली तरुणांनी ते आपल्या देशात नेलं, आणि आज पोर्तुगाल, हंगेरीत त्याचे मोठे महोत्सव भरतात.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असावी असं मला फार वाटतं. जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं होतं. एकट्या गिटारवाल्याला बेसची, म्हणजे खर्जातल्या सुरांची, साथ मिळावी, एवढाच हेतू. ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंदही झालं. पुढे शिकागोच्या मुलांनी ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात घेतली, त्यांची बटणं वाटेल तशी फिरवली आणि १९८७ च्या सुमारास त्यातून ॲसिड हाउस नावाचं नाचायचं संगीत निघालं. ट्रान्समध्ये जो पिळवटत, चिवचिवत वर चढणारा आवाज येतो, तो या यंत्राचा. पण १९८२ सालीच मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेसंगीतातल्या वादकाने हेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस. एचएमव्हीने तबकडी काढली, कोणी फारशी विचारली नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. २०१५ मध्ये ते वारले. ज्या संगीताला आपण 'ते गोऱ्यांचं' म्हणून दाराबाहेर ठेवतो, त्याच्या यंत्रावर आपला तोडी आधीच वाजून गेला होता.

आता करण्याबद्दल. लोकांना वाटतं, संगणकच सगळं करतो. मी माझ्या पहिल्या तीन आठवड्यांचं सांगतो. या संगीताचा पाया म्हणजे किक, म्हणजे ढोलासारखा जाड ठोका, आणि बेस. एका ठोक्याचे चार भाग करायचे. पहिल्या भागात किक, उरलेल्या तिघांत बेसचे तीन आघात. धा-गि-गि-गि, धा-गि-गि-गि असं समजा. १४५ च्या लयीत एक ठोका ४१४ मिलिसेकंदांचा, म्हणजे एकेक भाग जेमतेम १०३ चा. बेसचा सूर मी ४६ हर्ट्झच्या आसपास ठेवला होता, त्याची एक लाट पुरी व्हायला सुमारे २२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका आघातात पाच लाटाही पुऱ्या बसत नाहीत. एवढ्याशा जागेत तो सूर भरीव वाजला पाहिजे, आणि किकच्या शेपटीवर पाय न देता वाजला पाहिजे.

माझा वाजत नव्हता. एक आघात जाड, पुढचा पोकळ, तिसरा भलतंच काही. फिल्टर बदलून पाहिले, किक बदलली, हेडफोनवर संशय घेतला, गाडीत बसून ऐकलं. तीन आठवडे रोज रात्री तेच. मग एका दुपारी कारखान्यात पंख्याचं बॅलन्सिंग करत होतो. त्या कामात शाफ्टवर चकाकणाऱ्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवतात. शाफ्ट फिरताना टॅकोमीटरला तो तुकडा दरवेळी दिसतो आणि प्रत्येक फेरीची मोजणी तिथूनच सुरू होते. टेप नसेल तर प्रत्येक माप वेगळ्या जागेपासून निघतं आणि कशाचा कशाला मेळ लागत नाही. टेप चिकटवता चिकटवता हात थांबला. माझ्या बेसची लाट दर आघाताला वेगळ्या जागेवरून सुरू होत होती! कधी चढावरून, कधी उतारावरून. रात्री घरी येऊन सिंथमधलं, म्हणजे सूर तयार करणाऱ्या साधनातलं, एक छोटं बटण दाबलं, ज्याने लाट प्रत्येक आघाताला शून्यापासून निघते. तिन्ही आघात एका साच्यातून काढल्यासारखे उभे राहिले. बायकोला झोपेतून उठवून ऐकवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आता सारखं वाटतंय." तीन आठवड्यांची मजुरी त्या तीन शब्दांत मिळाली.

पण पाया बसला म्हणजे संगीत झालं असं नव्हे, आणि हे मला आईने शिकवलं. मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात सुरू केलेल्या, आता विद्यापीठात असलेल्या संगीतशाळेत ती तरुणपणी गाणं शिकली. आता ७६ वर्षांची आहे. माझी पहिली सात मिनिटांची रचना पुरी झाली तेव्हा तिला हेडफोन लावून दिले. तिने डोळे मिटले, मांडीवर बोटं मोजायला लागली. मधेच म्हणाली, "वरचे सूर बसंत मुखारीसारखे लागतायत." आणि ते खरंच तसे होते, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत-निषाद. पाश्चात्त्यांकडे त्याचं वेगळं नाव आहे, आणि गोव्याच्या ट्रान्समध्ये ते सप्तक पुष्कळ येतं. मी खूश झालो. मग तिने हेडफोन काढले. "अरे, पण याला खाली कुठंय?"

मी गप्प. तिने हाताने तीनताल दाखवला. सोळा मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर आणि तेराव्यावर टाळी, नवव्यावर खाली. तिथं हात उघडा पडतो, तबल्याचा बायां मुका होतो, ऐकणारा श्वास घेतो. "तुझ्याकडे सोळाच्या सोळा आहेत, पण चारी ठिकाणी टाळीच. माणसानं दम कधी घ्यायचा?" तिला ती रचना आवडली नाही, आजही आवडत नाही. पण तिचं बरोबर होतं. चांगले ट्रान्सवाले ती जागा ठेवतात, मधेच किक काढून घेतात, क्षणभर पायाखालचं सरकतं आणि ठोका परत आला की अंगावर काटा येतो. मला ते ऐकून ऐकून माहीत होतं, पण कशासाठी ते समजलं नव्हतं. तेव्हापासून दर सोळाव्या आवर्तनात नवव्या मात्रेची किक मी काढून टाकतो. माझ्या रचनांना मिळालेली सगळ्यात चांगली दुरुस्ती तीच.

बडोद्याच्या माणसाला हे परकं वाटावं याचंच मला नवल वाटतं. आमच्याइतका ट्रान्स कोणाला कळावा? लहानपणापासून गरबा खेळलो. अनवाणी पायांनी, मैदानातल्या मातीत, हजारो माणसं वर्तुळात, एकच पाऊल, त्याच तीन टाळ्या, तासतासभर. पहिली वीस मिनिटं आपण पाय टाकतो, नंतर पाय आपले आपण पडायला लागतात. शेजारी कोण आहे, आपण कोण आहोत, विसरायला होतं. लय हळूहळू चढते, कधी चढली ते घाम आल्यावर कळतं. २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा सगळ्या शहराची छाती फुगली. वागातोरला त्या संध्याकाळी मी जो तासन् तास उभा राहिलो, तो गरब्यानेच उभा केलेला होता. गरब्यात देवी आहे, गाणं आहे, तिची जागा ट्रान्सला घ्यायची नाही. पण एकाच ठोक्यात राहून राहून माणूस मोकळा होतो, ही गोष्ट एकच आहे.

आवाजाबद्दल शंका असेल तर त्यातही मी सभागृहवाल्यांच्या बाजूचा आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको, हा नियम योग्य आहे. वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती पाळलीच पाहिजे. वरातीतल्या डीजेच्या गाड्यांनी आमच्या गल्लीतल्या काचा थरथरतात आणि आईला दार लावून आतल्या खोलीत बसावं लागतं. त्या भिंतीएवढ्या स्पीकरांशी माझ्या संगीताचं नातं लावू नका. बेस छातीत घुसवायला आवाज फोडावा लागतो हा गैरसमज आहे. वर सांगितलेलं ते छोटं बटण नीट असेल तर मध्यम आवाजातही ४६ हर्ट्झ खुर्चीत बसल्या-बसल्या जाणवतो. आणि गोव्याला गेलो की मी कारखान्यातलेच फोमचे बोळे कानात घालतो. ज्या कानांवर माझं पोट चालतं, ते मी गमावणार नाही, आणि दुसऱ्या कोणाचे गमावू देणार नाही.

आपल्या पत्रातून एकच विनंती आहे. बडोद्यात कोणाकडे बंदिस्त, चाळीस माणसांची खोली असेल, शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, देवळाशेजारची धर्मशाळासुद्धा चालेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, मी येऊन भेटेन. रविवार, दुपारी चार ते सहा. मधे चहा. आईला पुढच्या रांगेत बसवणार आहे, तिने यायचं कबूल केलंय. आणि डेसिबल मोजायचं माझं यंत्र समोरच्या टेबलावर, सगळ्यांना आकडा दिसेल असं ठेवीन.

आपला,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे