कोआला अस्वल नाही, डुगाँग मासा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या बालपुरवणीत ऑस्ट्रेलियातील प्राण्यांचे पान होते. त्यात कोआलाला ‘झाडावरचे अस्वल’ आणि डुगाँगला ‘मोठा मासा’ म्हटले आहे. तासगावात मी 29 वर्षे विज्ञान शिकवले. सध्या लेकीकडे ब्रिस्बेनला आहे. हे दोन्ही प्राणी मी इथे डोळ्यांनी पाहिले, म्हणून राहवले नाही.

कोआला अस्वल नव्हे, तो कांगारूसारखा पिशवीवाला, म्हणजे शिशुधान प्राणी. डुगाँग समुद्रात राहतो, पण आपल्यासारखाच सस्तन. पिलाला अंगावर पाजतो, श्वासासाठी दर काही मिनिटांनी वर येतो, आणि त्याचे जवळचे नाते हत्तीशी आहे.

पण चुकीपेक्षा मला जास्त लागले ते हे, की कोआलाला अर्धे पान मिळाले आणि डुगाँगला दीड ओळ. खरे तर दोघांचे जगणे फार सारखे आहे. आपल्याकडे बांधावरच्या निलगिरीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. कोआला तोच विषारी, निःसत्त्व पाला खाऊन जगतो. तो पचवायला त्याच्या पोटात सुमारे दोन मीटर लांबीचे अंधांत्र, म्हणजे आतड्याची एका टोकाला बंद असलेली पिशवी असते आणि ताकद वाचवायला तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. डुगाँग उथळ समुद्रातल्या गवतावर जगतो, रोज तीस-चाळीस किलो. त्याचे मोठे आतडे 25 मीटरपर्यंत भरते. एकाचे झाड गेले की तो गेला, दुसऱ्याचे गवत गेले की तो गेला. 1992 मध्ये इथून उत्तरेला हर्वी बे भागात पूर आणि चक्रीवादळाने पाणी गढूळ होऊन सुमारे हजार चौरस किलोमीटर गवत मेले, तेव्हा डुगाँग उपाशी मरून किनाऱ्याला लागले होते.

ब्रिस्बेनजवळच्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटाशी ओहोटीला गवताचा पट्टा उघडा पडला, तेव्हा त्यात वीतभर रुंदीच्या नागमोडी रेघा दिसल्या. पाभर ओढल्यासारख्या, फक्त वाकड्या. डुगाँग मुळासकट गवत उपटत गेल्याच्या त्या खुणा. होडीवाल्याने इंजिन मंद केले आणि थोड्या वेळाने दोन नाकपुड्या वर आल्या, फूस्स झाले, तपकिरी पाठ क्षणभर दिसली आणि गेली. माझी नात कितीतरी वेळ पाण्याकडेच बघत होती. होड्यांनी सावकाश जावे म्हणून तिथे पाट्या आहेत. इथल्याच क्लीव्हलंड उपनगराच्या रस्त्यावर कोआलासाठी तशाच पाट्या पाहिल्या.

पिलांची गोष्ट मात्र अगदी उलट. कोआलाचे पिल्लू 35 दिवसांत जन्मते, घेवड्याच्या दाण्याएवढे, आंधळे. ते आपले आपण पिशवीत चढते आणि सहा महिने तिथेच राहते. डुगाँगची मादी तेरा-चौदा महिने पोटात वाढवते, आणि जन्मतःच पिल्लू मीटरभराहून लांब असते. पुढचे पिल्लू तीन ते सात वर्षांनी. म्हणून होडीच्या धडकेने एक मादी गेली, तर ती भर लवकर निघत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये इथल्या क्वीन्सलँड राज्यासह ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात कोआला संकटग्रस्त जाहीर झाला, तेव्हा जगभर बातमी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केले. ती बातमी मी मराठीत वाचल्याचे आठवत नाही. वास्तविक डुगाँग आपलाही आहे! कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, अंदमानात. अंदमान-निकोबारचा तो राज्यप्राणी. मीही इतक्या वर्षांत वर्गात त्याचे नाव घेतले नाही, याची आता फार खंत वाटते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया कोआलाएवढ्याच मापाचा डुगाँगचा फोटो छापा, आणि खाली ‘कच्छ, मन्नार, अंदमान’ एवढे जरूर लिहा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, तासगाव (सध्या ब्रिस्बेन)